उपोषण कुणाविरुद्ध?

नोव्हेंबर 2013. पोलंडची राजधानी वॉर्सा. फुटबॉलच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद भरलीय. पहिल्याच दिवशी फिलिपिन्सचे प्रतिनिधी येब सान्यो बोलायला उभे राहतात.

तीन दिवसांपूर्वी हैयान चक्रीवादळ त्यांच्या देशावर आदळलंय. तिथले लोक त्याला योलांडा म्हणतात. वाऱ्याचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या वर. समुद्र उठून ताक्लोबान शहरात शिरला. सान्यो कुटुंबाचं मूळ गाव तेच. भाऊ वाचलाय, पण उपाशीतापाशी, स्वतःच्या हातांनी मृतदेह गोळा करतोय. मृतांचा सरकारी आकडा पुढे 6,300 वर पोचला.

सान्यो हे सगळं सांगतात आणि मग जाहीर करतात: या परिषदेतून काही ठोस निघताना दिसत नाही, तोवर मी अन्न घेणार नाही. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं. अनेकांच्या डोळ्यांत पाणी.

टाळ्या वाजवायला काय लागतं म्हणा.

आपल्याकडे उपोषणाची रीत सगळ्यांना पाठ आहे. कलेक्टर कचेरीसमोर मंडप, मागे फ्लेक्स, रोज वजन आणि रक्तदाब बघणारे डॉक्टर. पाचव्या-सहाव्या दिवशी मंत्री येतात, आश्वासनाचं पत्र देतात, मोसंबीचा रस पाजतात. यात कितीही नाटक असलं, तरी एक गोष्ट पक्की असते. कुणाच्या दारात बसायचं, हे ठाऊक असतं. वॉर्सात दार कुणाचं? तिथे 190 हून जास्त देश, आणि निर्णय सर्वसहमतीने. एवढ्या जणांत वाटली की लाज कुणाच्याच वाट्याला फारशी येत नाही.

सान्यो मंडपात बसले नव्हते. ते उपाशीपोटी वाटाघाटी करत होते. परिषदेला आलेले कितीतरी तरुण त्यांच्यासोबत उपाशी राहिले. त्याच दिवसांत जपानने उत्सर्जन घटवण्याचं आपलं उद्दिष्ट खाली आणलं. त्याच शहरात कोळसा उद्योगाने आपली जागतिक परिषद भरवली. आणि हवामान परिषदेचं अध्यक्षपद सांभाळणाऱ्या पोलंडच्या पर्यावरणमंत्र्यांना त्यांच्याच पंतप्रधानांनी परिषद चालू असताना मंत्रिपदावरून काढलं.

शेवटी हाती आली ती ‘हानी आणि नुकसान’ यासाठीची एक आंतरराष्ट्रीय यंत्रणा. ज्यांनी धूर फारसा सोडला नाही, पण वादळं सोसली, त्यांच्या नुकसानीची दखल घेणारी. दखल तेवढी होती, पैसा नव्हता. निधी स्थापन करायचं ठरलं ते 2022 मध्ये, इजिप्तच्या शर्म अल-शेखमधल्या हवामान परिषदेत. पुढच्या वर्षी दुबईत देशांनी मिळून साधारण 70 कोटी डॉलर देऊ केले. त्यात अमेरिकेचा वाटा पावणेदोन कोटींचा. या निधीच्या मंडळाचं यजमानपद 2024 मध्ये फिलिपिन्सला मिळालं. हे सगळं त्या उपोषणामुळे झालं, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण ‘नुकसानभरपाई’ हा विषय निघाला की श्रीमंत देशांचे प्रतिनिधी जी टाळाटाळ करत, ती वॉर्सानंतर तितकी सोपी राहिली नाही, एवढं नक्की.

उपोषणही थांबलं नाही. दर महिन्याच्या 1 तारखेला हवामानासाठी एक दिवस उपास, अशी साखळी देशोदेशी सुरू झाली. सान्यो पुढे सरकारी शिष्टमंडळातून बाहेर पडले, 2015 मध्ये रोमहून पॅरिसपर्यंत पायी गेले, आणि नंतर ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे आग्नेय आशियातले प्रमुख झाले.

त्याच 2015 मध्ये फिलिपिन्सच्या मानवाधिकार आयोगाकडे एक अर्ज दाखल झाला. अर्जदारांमध्ये ग्रीनपीसची तिथली शाखा होती आणि वादळातून वाचलेली माणसं होती. या वेळी दार नेमकं ठरलेलं होतं: तेल, कोळसा आणि सिमेंटच्या जगातल्या बड्या कंपन्या, नावानिशी. अखेरच्या यादीत 47. आयोगाने न्यूयॉर्क आणि लंडनमध्येही सुनावण्या घेतल्या. 2022 च्या अहवालात त्याने म्हटलं, की हवामानबदलातून होणाऱ्या मानवी हक्कांच्या हानीसाठी या कंपन्यांना जबाबदार धरता येऊ शकतं. आयोगाला दंड ठोठावण्याचा अधिकार नाही. तो कोर्टांना आहे.