इकॉनॉमिक्स: मेजर की मायनर?

इकॉनॉमिक्स घेतलंय असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, मग कुठला शेअर घेऊ? आणि त्याच्या पाठोपाठ, बँकेत लागेल ना नोकरी? खरं सांगायचं तर अख्ख्या डिग्रीत शेअर मार्केटवर एखादा ऑप्शनल पेपर असला तर असतो, आणि टॅक्स, ऑडिट, बॅलन्सशीट हे सगळं अकाउंटिंगवाल्यांकडे. मग इथं शिकवतात काय? आणि ते मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, म्हणून घ्यावं की मायनर, म्हणजे सोबतचा थोडक्या पेपरांचा जोडविषय, म्हणून?

(पडद्यावर: फळा, एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा)

सुरुवात होते या चित्रापासून. मागणीची रेषा उतरती, पुरवठ्याची चढती. हे चित्र सगळीकडे रुजलं त्यात अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० च्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे, आणि त्यांनी किंमत उभ्या अक्षावर ठेवली ती आजही तिथंच आहे, त्यामुळे गणिताच्या वर्गातून आलेली पोरं पहिले काही दिवस चक्रावतात, कारण जे बदललं की बाकीचं बदलतं ते आडव्या अक्षावर घ्यायची त्यांना सवय. असो, होते सवय. पहिल्या वर्षाचं मायक्रो (एकेक ग्राहक, एकेक कंपनी) आणि मॅक्रो (अख्ख्या देशाची अर्थव्यवस्था) म्हणजे बहुतेक ठिकाणी आकृत्या आणि चर्चा, गणित जेमतेम, मग वाटतं की जमतंय आपल्याला, आणि लोक मेजर ठरवून मोकळे होतात.

गणिताशी गाठ पडते ती पुढे. इंटरमीडिएट, म्हणजे त्याच्या पुढच्या पातळीच्या, मायक्रोमध्ये तोच ग्राहक फंक्शन बनून येतो, पैसे इतकेच, वस्तू या दोन, आता सगळ्यात चांगली निवड काढा, आणि त्यासाठी कॅल्क्युलसमधलं डेरिव्हेटिव्ह, लॅग्रांज मल्टिप्लायर वगैरे गणित. कोरडं आहे, मान्य. मॅक्रोत निदान भांडणं तरी असतात, महागाई कशामुळे, मंदीत सरकारनं खर्च वाढवावा की नाही, यावर मोठमोठ्यांचं एकमत नाही.

पण मला विचाराल तर या विषयाचा जीव इकॉनोमेट्रिक्समध्ये आहे, म्हणजे खरी आकडेवारी घेऊन कशामुळे काय होतं ते तपासण्यात.

(पडद्यावर: दोन शेजारी राज्यांचा नकाशा)

साधा प्रश्न घ्या. किमान वेतन वाढवलं तर नोकऱ्या जातात का? फळ्यावरची आकृती म्हणते, जातात, कारण माणूस महागला की मालक माणसं कमी घेणार. १ एप्रिल १९९२ ला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मात्र होतं तेवढंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड रेस्टॉरंट्सकडून वाढीच्या आधी आणि नंतर माहिती गोळा केली. आता नुसतं न्यू जर्सीचं आधी-नंतर बघून चालत नाही, कारण त्याच काळात मंदीनं, सीझननं, कशानंही नोकऱ्या कमीजास्त होऊ शकतात, म्हणून शेजारच्या राज्यात जेवढा फरक पडला तेवढा त्यातून वजा करायचा, आणि उरेल तो वेतनवाढीचा परिणाम समजायचा. समजायचा म्हणतोय, कारण दोन्ही राज्यं एरवी सारखीच चालली असती हे यात गृहीत धरलंय, आणि परीक्षेत प्रश्न नेमका यावरच येतो. १९९४ ला त्यांचा शोधनिबंध आला, नोकऱ्या घटल्याचं त्यात दिसलं नाही. मग जोरदार वाद, दुसऱ्यांनी वेतनाच्या नोंदी काढून वेगळा निष्कर्ष मांडला, या दोघांनी परत उत्तर दिलं. कार्ड यांना २०२१ ला नोबेलचा वाटा मिळाला. क्रूगर त्याच्या दोन वर्षं आधीच गेले.

हे एकदा नीट कळलं ना, की पेपरातली "अमुक केल्यामुळे तमुक वाढलं" ही हेडलाइन वाचताना डोक्यात आपोआप येतं, कशाच्या तुलनेत? आणि घोळ असा आहे की बऱ्याच ठिकाणी मायनरवाल्यांना इकॉनोमेट्रिक्सचा पेपर सक्तीचा नसतो. दोन्ही प्रिन्सिपल्स (पहिल्या वर्षाचं तेच मायक्रो आणि मॅक्रो), एखादं इंटरमीडिएट, बाकी आवडीचे, झाला मायनर. म्हणजे आकृतीचं उत्तर पाठ होतं, ते तपासायचं कसं हे राहूनच जातं. माझ्या मते मायनर घेणाऱ्यानं एक आवडीचा पेपर सोडावा, पण हा घ्यावा.

तरी मायनर म्हणजे कमी, असं मात्र समजू नका.

(पडद्यावर: एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा फोटो)

या एलिनॉर ऑस्ट्रॉम. शाळेत असताना मुलगी म्हणून यांना ट्रिग्नॉमेट्री घेऊ दिली नाही. पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात इकॉनॉमिक्सच्या पीएचडीचं विचारायला गेल्या तर गणित कमी पडतंय म्हणून नकार. मग पीएचडी राज्यशास्त्रात, इकॉनॉमिक्स नुसतं मायनर. सामाईक जंगल, मासेमारीचं पाणी, कालवे या गोष्टी लोक आपसात नियम ठरवून कशा टिकवतात, सरकार किंवा खासगी मालक नसतानाही, हे त्यांनी जागोजागी जाऊन अभ्यासलं. २००९ ला इकॉनॉमिक्सचं नोबेल, आणि ते मिळवणारी पहिली बाई.

पण त्यांचं उदाहरण दाखवून गणित टाळायचा विचार असेल तर थांबा. आज इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी करायची तर गणितातलं लिनिअर अल्जिब्रा लागतंच आणि रिअल अॅनालिसिस (कॅल्क्युलस सिद्धतेसकट शिकवणारा पेपर) झालेलं असलं तर बरं, चांगल्या डिपार्टमेंटना ते दिसायला हवं असतं, म्हणून काही जण मेजर चक्क मॅथ्स घेतात आणि इकॉनॉमिक्स मायनर. उलटा मार्ग, पण चालतो. नोकरीच करायची असेल तर एवढं नको, स्टॅटिस्टिक्स आणि थोडं कोडिंग, आर किंवा पायथन, यावर बरंच निभतं.

आणि काहीही घ्या, सिलॅबसमध्ये इकॉनोमेट्रिक्सच्या आधी काय काय करावं लागतं ते पहिल्याच वर्षी बघून ठेवा. आधी कॅल्क्युलस, मग स्टॅटिस्टिक्स, कुठंकुठं इंटरमीडिएटसुद्धा, अशी ती साखळी असते, आणि शेवटच्या वर्षी आठवण झाली तर तो पेपर बसवायला सेमिस्टरच उरत नाही.