हापशाचा चौक

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गावात कुणाला पत्ता सांगायचा तर आजही 'हापशाच्या चौकात या' असंच सांगतात. त्याआधी ती जागा आडाचा चौक होती. मारुतीचं देऊळ, पिंपळाचा पार आणि पारापाशी आड. आडाच्या दगडी काठावर दोरानं कापलेल्या खाचा होत्या, त्यातल्या एकीत माझी करंगळी पुरती बसायची. पोहरा कुणी टाकायचा हे मात्र ठरलेलं होतं. काही घरच्या बायका लांब घागर ठेवून, कुणीतरी वरून पाणी ओतील म्हणून ताटकळत बसत. आडाच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्यांना हे सहसा आठवत नाही.

गावाबाहेर पायऱ्यांची बारवही होती. दिसायला देखणी, पण तिथं नारू होता. ज्याच्या पायातून जंत बाहेर यायचा तो पाण्यात उतरला, की अळ्या पाण्यात पडायच्या. त्या बारीक पाणकिड्यांच्या पोटात वाढायच्या आणि न गाळलेल्या पाण्यातून पुढच्या माणसाच्या पोटात. भारत नारूमुक्त जाहीर झाला तो 2000 साली. पाण्यात पाय न घालता पाणी भरायची सोय झाली, हेही त्यामागचं एक मोठं कारण.

ती सोय म्हणजे हापसा. 1972 च्या दुष्काळात आड आटले आणि काळ्या पाषाणात बोअर मारणाऱ्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या. बोअरवर बसवलेले आधीचे बिडाचे पंप एका घराच्या अंगणापुरते होते. त्यांच्यावर अख्खं गाव तुटून पडलं, की पंधरवड्यात खिळखिळे! सत्तरच्या दशकात पाहणी झाली, तेव्हा देशातले चारातले सुमारे तीन पंप बंद निघाले.

आणि यावरचा इलाज आपल्याकडचाच, बरं का. जालना आणि सोलापूरकडच्या मिशनऱ्यांच्या कामातून पोलादी पंप तयार झाले होते. त्यातल्या सोलापुरी पंपावरून पुढे 'इंडिया मार्क टू' बेतला गेला. तोच आपला सरकारी हापसा, पुढे आफ्रिकेतही गेलेला. त्याची सगळी करामत साखळीत आहे. डोक्यावरचं झाकण उघडलं की दिसते: दांड्याच्या टोकाला कमान आणि कमानीवरून उतरणारी साखळी. त्यामुळे आतली सळई सरळ वर-खाली होते, डुगडुगत नाही, वायसर लवकर झिजत नाही. दांडा भरीव आणि जड, म्हणजे खोलवरच्या सळयांचं वजन त्याच्या भारानंच तोललं जातं. म्हणून तर दहा वर्षांची पोर लोंबकळूनसुद्धा घागर भरायची.

हापशाला रांग होती, आणि आमच्या गावात तरी ती एकच होती. भांडणं व्हायची, पण ती नंबरावरून. कुणाचा हंडा पुढे सरकवला, कुणी दोन कळश्या जास्त भरल्या! पहाटे चारला 'खडाक-खडाक' सुरू झालं, की पाराजवळच्या घरांना घड्याळ लागायचं नाही.

मग नळ आले. आता तर चौकातच पाच रुपयांचं नाणं टाकून फिल्टरचं पाणी मिळतं. हापसा साधारण दीडशे फुटांपर्यंतचं पाणी ओढतो, आणि भोवतीच्या शेतांतल्या बोअरांनी पाणी त्याच्या कितीतरी खाली नेलं. दांडा अजून हलतो. नाण्याच्या रांगेत आईचं बोट सोडून एखादं पोर त्याला लोंबकळतं, साखळी खडखडते, आणि समोरच्या घरातली म्हातारी आतूनच ओरडते, 'अगं, पाणी आलं का?'