बरोबरच्या चिन्हाने प्रत निघत नाही

(पडद्यावर कोडच्या दोन ओळी.)

‘गुण’ नावाचा एक अ‍ॅरे, म्हणजे ओळीने ठेवलेल्या किमतींची यादी. आत तीन आकडे: ४०, ९ आणि १००. खालच्या ओळीत लिहिलंय, प्रत बरोबर गुण. आता ‘प्रत’मधला पहिला आकडा शून्य करू, आणि ‘गुण’ छापून बघू.

(थांबा.)

तिथेही शून्य.

जावास्क्रिप्ट शिकताना इथे गोंधळ होणं साहजिक आहे. साधा आकडा असता, तर बरोबरच्या चिन्हाने त्याची खरंच प्रत निघाली असती. पण व्हेरिएबलमध्ये, म्हणजे ‘गुण’सारख्या नावात, अख्खा अ‍ॅरे नसतो, मेमरीत तो कुठे आहे त्याचा पत्ता असतो. कॉपी झाला तो पत्ता. घर एकच, पाट्या दोन. आणि नावाआधी कॉन्स्ट हा शब्द लिहून घर सुरक्षित होत नाही. फक्त पाटीवरचा पत्ता बदलता येत नाही.

वेगळं घर हवं तर अ‍ॅरेची प्रत काढून देणारं स्लाइस वापरा. किंवा २०१५ साली भाषेत आलेलं स्प्रेड: चौकोनी कंस, तीन टिंबं, पुढे अ‍ॅरेचं नाव. मला हेच आवडतं, वाचताक्षणी हेतू कळतो.

मॅप (प्रत्येक घटक बदलून देणारा) आणि फिल्टर (अटीत बसणारे घटक निवडणारा) भाषेच्या २००९ च्या आवृत्तीपासून आहेत. दोन्ही नवा अ‍ॅरे देतात.

फसवतो तो क्रम लावणारा सॉर्ट. तो उत्तर परत देतो, म्हणून नवा अ‍ॅरे मिळाला असं वाटतं. प्रत्यक्षात मूळ अ‍ॅरेचाच क्रम बदललेला असतो. शिवाय तुलनेचं फंक्शन दिलं नाही, तर आकड्यांना तो अक्षरं समजतो. ४०, ९, १०० चा क्रम लागतो १००, ४०, ९! मूळ अ‍ॅरेला हात न लावणारा टू-सॉर्टेड २०२३ मध्ये आला. अक्षरांची सवय मात्र त्यालाही आहे.

(अ‍ॅरेच्या आत ऑब्जेक्ट दिसू लागतात.)

अ‍ॅरेत ऑब्जेक्ट (नाव, वय अशा माहितीचे गठ्ठे) असतील, तर स्प्रेड आणि स्लाइस वरच्याच थराची प्रत काढतात. आतल्या ऑब्जेक्टचे पत्ते जुनेच राहतात. नव्या अ‍ॅरेतल्या ऑब्जेक्टमध्ये नाव बदललं, की जुन्यातही बदलतं. आतपर्यंत प्रत हवी असेल तर स्ट्रक्चर्ड-क्लोन आहे. आत फंक्शन सापडलं तर तो सरळ एरर देतो. जेसनमध्ये (माहिती मजकुराच्या रूपात लिहायची पद्धत) बदलून परत आणायची जुनी युक्ती तर ऑब्जेक्टमधली फंक्शन्स गुपचूप गाळते आणि तारखांच्या स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, करून टाकते. त्यापेक्षा एरर परवडली: कुठे अडलं ते तिथल्या तिथे दिसतं.