मक्याच्या ढिगाशी

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘आमिष टाकून हरणांची शिकार: कायदेशीर करावी का?’ वाद अमेरिकेतला आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकारच बंद, तेव्हा आमिषाचा प्रश्न उरत नाही. पण या सभागृहातल्या बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं मिशिगन, टेक्सास, जॉर्जियात असतील. हात वर करू नका, मोजण्यातच व्याख्यान संपायचं. नोव्हेंबर उजाडला की त्यांच्या शेजारीपाजारी बंदुका पुसायला काढतात, आणि हा वाद तिथे घराघरात चालतो.

ऐकायला मिळतात ते पक्ष दोन. एक म्हणतो, हरणाला दाण्यावर बोलावून मारणं शिकाऱ्याला शोभत नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट आणि निसर्गलेखक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ साली बून अँड क्रॉकेट हा शिकाऱ्यांचा क्लब काढला, त्यातून सावजाला निसटायची खरी संधी हवी, हा आग्रह तिथे रुजला. दुसरा म्हणतो, जमीन माझी, मका माझा, सरकारचा काय संबंध? दोघेही बोलतात ते शिकाऱ्याबद्दल. मला आज शिकारी बाजूला ठेवून आमिषाच्या ढिगाबद्दल बोलायचंय, कारण या प्रश्नाचं उत्तर ढिगात आहे.

आधी आमिष म्हणजे काय ते बघू. टेक्सासात सर्रास दिसतो तो फीडर. तीन पायांच्या घोडीवर ५५ गॅलनचं, म्हणजे २०८ लिटरचं पिंप. त्यात सुमारे दीडशे किलो मका मावतो. बुडाला नरसाळं, त्याच्या तोंडाखाली मोटरवर फिरणारी चकती, शेजारी ६ किंवा १२ व्होल्टची बॅटरी, टायमर आणि छोटं सोलर पॅनल. पहाटे आणि संध्याकाळी काही सेकंद चकती गरगरते आणि दाणे चहूकडे उडतात. मका ५० पौंडांच्या पोत्यात मिळतो, म्हणजे पावणेतेवीस किलो. ओल लागली तर नरसाळ्यात त्याचा गोळा होतो आणि तोंड बुजतं. रॅकून हाताने चकती फिरवून दाणे पाडतात, म्हणून चकतीभोवती जाळी लावावी लागते. रानडुकरं घोडीच आडवी करतात, म्हणून भोवती कमरेइतकं कुंपण. हरीण उडी मारून आत येतं, डुक्कर बाहेर राहतं. जिथे फीडर नाही तिथे पिकअपच्या मागून गाजरं, शुगर बीट, सफरचंदं, मका थेट जमिनीवर ओततात. माझं मुख्य भांडण आहे ते या ओतण्याशी.

हरीण रवंथ करणारं जनावर आहे. हिवाळ्यात ते डहाळ्या, कळ्या, सूचिपर्णी झाडांचा पाला खातं आणि त्याच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव तेवढंच पचवायला तयार झालेले असतात. त्यात अचानक भरपूर मका गेला तर पिष्ट झपाट्याने आंबतं, लॅक्टिक आम्ल साचतं, कोठीपोटाचा सामू (pH) सहाच्या आसपास असतो तो पाचाच्या खाली घसरतो आणि सूक्ष्मजीव मरतात. अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं आणि एक-दोन दिवसांत हरीण मरतं, तेही पोट भरलेलं असताना. इथे कुणाच्या घरी गुरं असतील त्यांना हे नवं नाही. खळ्यावर सुटलेली गाय ज्वारीच्या राशीत तोंड घालते, किंवा लग्नाचं उरलेलं अन्न कुणी प्रेमाने बैलापुढे टाकतं, आणि रात्री डॉक्टर शोधत फिरावं लागतं. गायीला सोडा पाजता येतो, सलाईन लावता येतं. बर्फात पडलेल्या हरणाला कोण पाजणार? नव्या खाद्याला सूक्ष्मजीव सरावायला दोन ते चार आठवडे लागतात. थंडीचा कडाका वाढल्यावर दया येऊन पोतं ओतणारा माणूस नेमकी तीच वेळ गाठतो.

दुसरी गोष्ट बुरशीची. उबदार, दमट हवेत जमिनीवर पडलेल्या मक्यावर अ‍ॅस्परजिलस वाढते आणि अफलाटॉक्सिन तयार होतं. अमेरिकेत माणसाच्या अन्नात त्याची मर्यादा अब्जात २० भाग आहे, कत्तलीपूर्वी पुष्ट करायच्या गुरांच्या मक्यात ३०० भाग. ढिगावर फक्त हरीण येत नाही, रानटी टर्की आणि लावेही येतात, आणि पक्ष्यांना हे विष फार लवकर बाधतं. जाता जाता शिंगांचंही सांगतो, कारण मक्याने शिंगं मोठी होतात असं पुष्कळ जण मानतात. मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के. वाढत्या शिंगांना त्याच्या जवळपास दुप्पट लागतात. मक्याने चरबी चढते, शिंगं नाही.

आता मिशिगन. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण हा वाद समजायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

मिशिगनच्या खालच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाचा ईशान्य कोपरा, अल्पीना काउंटी (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा) आणि आसपासचा मुलूख. जमीन रेताड, शेती बेताची. तिथे खासगी शिकार क्लबांनी मोठमोठी रानं राखली होती. सभासदांना हरणं भरपूर हवीत, म्हणून हिवाळाभर ट्रकच्या ट्रक गाजरं, बीट, मका टाकायचे. जी हरणं थंडीत मेली असती ती तगली आणि कळप जमिनीच्या ताकदीपलीकडे वाढला. १९७५ साली तिथल्या एका रानटी हरणात गुरांचा क्षयरोग सापडला होता. एकच हरीण, म्हणून विषय मिटला. त्या काळची समजूत अशी, की हा रोग गुरांकडून चुकून एखाद्या हरणाला होतो, हरणांच्या कळपात तो आपला आपण टिकत नाही. मिशिगनची गुरं तर १९७९ पासून अधिकृतपणे क्षयमुक्त होती.

१९९४ च्या हंगामात तिथे एका शिकाऱ्याने नर मारला. पोट फाडून साफ करताना बरगड्यांच्या आतल्या बाजूला पिवळट गाठी दिसल्या. त्याने त्या फेकल्या नाहीत, तपासायला दिल्या. निदान क्षयाचंच आलं. पुढच्या वर्षी आसपासच्या मारलेल्या हरणांची तपासणी झाली आणि आणखी रोगी हरणं सापडत गेली. म्हणजे रोग कळपातच फिरत होता. एरवी विखरून, आपापल्या कुटुंबाने चरणारी हरणं ढिगाशी तोंडाला तोंड लावून उभी राहत होती. एकाने अर्धवट चावलेलं बीट दुसरं उचलायचं. हा जंतू खाद्यावर कित्येक दिवस जगतो, थंडीत तर कित्येक आठवडे, आणि तिथली थंडी म्हणजे फ्रीजच. क्लबांनी स्वतःच्या पैशाने हरणांच्या लाळेची देवाणघेवाण उभी केली होती, आणि ती हरणांवरच्या प्रेमापोटी. मला यातलं सगळ्यात जास्त हेच लागतं.

१९९८ मध्ये रोग तिथल्या गुरांच्या एका कळपात सापडला. २००० साली मिशिगनने क्षयमुक्त दर्जा गमावला. म्हणजे त्या राज्यात जनावर विकायचं तर चाचण्या, दाखले, निर्बंध. क्लबात ज्याने कधी पाऊल टाकलं नाही अशा गोठेवाल्याने त्या गाजरांची किंमत मोजली. ‘माझी जमीन, माझा मका’ म्हणणाऱ्याला मी इथेच थांबवतो. आपल्याकडे २०२२ मध्ये लम्पी पसरला तेव्हा जनावरांचे बाजार बंद केले. बाजार वाईट असतो म्हणून नव्हे, जनावरं तिथे एकत्र येतात म्हणून. ढीग हा हरणांचा रोजचा बाजार आहे.

क्षय किमान जिवाणूने तरी होतो. पुढचा रोग त्याहून चिवट आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, थोडक्यात सीडब्ल्यूडी, हरणांचा झिजण्याचा रोग. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात तो प्रथम दिसला, १९७८ मध्ये तो मेंदूला भोकं पाडणाऱ्या रोगांपैकी आहे हे कळलं. कारण जिवाणू नाही, विषाणू नाही, घडी चुकलेलं प्रथिन. प्रायॉन म्हणतात त्याला. शिजवून मरत नाही, कारण मुळात जिवंतच नाही. लाळ, लघवी, लेंड्या यांतून बाहेर पडतो आणि मातीत वर्षानुवर्षं राहतो. हरीण दीड-दोन वर्षं धडधाकट दिसतं आणि तेवढा काळ ढिगावर येत राहतं. लस नाही, औषध नाही. २००२ मध्ये विस्कॉन्सिनात माउंट होरेबजवळ तो सापडला, मिसिसिपी नदीच्या पूर्वेला पहिल्यांदाच. आज तीसहून अधिक राज्यांत आहे.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं राहिली. मूळ प्रश्नावर बोलायचंच राहिलंय, तेव्हा आता भरभर.

परवानगी मागणाऱ्यांचं सगळं खोटं नाही. वृद्ध किंवा अपंग शिकाऱ्याला आणि शिकणाऱ्या मुलाला, स्थिर उभं राहिलेलं हरीण पंधरा-वीस मीटरवर मिळालं तर गोळी नेमकी लागते, जनावर जखमी होऊन पळत नाही. मिशिगनने खालच्या द्वीपकल्पात २०१९ च्या जानेवारीअखेर आमिषावर बंदी घातली, तेव्हा अपंग शिकाऱ्यांच्या विशेष हंगामाला सूट ठेवली. मला ती योग्य वाटते. पण आमिषाने जास्त हरणं मिळतात, हा दावा ठिसूळ आहे. साउथ कॅरोलायनात २०१३ पर्यंत किनारपट्टीकडे आमिष चालायचं, वरच्या भागात नाही. म्हणजे एकाच राज्यात तुलना आयती मिळाली, आणि आमिषवाला भाग सरस ठरला नाही. कारण साधं आहे. दाणा रोज मिळतो हे कळलं की हरीण फिरणं कमी करतं आणि ढिगावर रात्री येतं. रात्री गोळी घालायची परवानगी नाही.

मग मर्यादा घालून चालेल का? मिशिगनचा नियम होता, आणि वरच्या द्वीपकल्पात तो अजून आहे: एका जागी दोन गॅलन, म्हणजे साडेसात लिटर, दहा फूट बाय दहा फुटांत पसरून. मक्याचे साडेपाच किलो भरतील. कागदावर छान. पण रानात ते मापायला कोण जाणार? आणि रोज संपलं की रोज भरलं तर महिन्याला दीडशे किलोंहून जास्त मका त्याच मातीवर पडतो, त्याच लाळेत. मर्यादा एका वेळच्या मापाला आहे, जागेला नाही. नियम करायचाच तर जागा बदलण्याचा करा. पाणपक्ष्यांबाबत १९३५ पासून संघीय बंदी आहे, आणि तिथे दाणे उचलल्यानंतरही दहा दिवस ती जागा आमिषाचीच धरतात. हरणांच्या कायद्यात इतकी काटेकोर व्याख्या क्वचित दिसते. ‘शेतातलं उभं पीक चालतं, मग ढीग का नको?’ असं विचारतात. उभ्या पिकात हरणं एकरभर पांगतात, प्रत्येक जण आपलं कणीस खातं. ढिगावर सगळ्यांची नाकं एकाच परातीत.

विस्कॉन्सिनची पद्धत अशी, की एखाद्या काउंटीत रोग सापडला तर तिथे ३६ महिने बंदी, दहा मैलांच्या आतल्या शेजारच्या काउंटीत २४ महिने. माझा आक्षेप ‘सापडला तर’ याला आहे. हरीण दीड-दोन वर्षं निरोगी दिसत असेल, तर रोग सापडेपर्यंत दोन हंगाम निघून गेलेले असतात. जॉर्जियाने २०११ मध्ये दक्षिण भागात आणि २०१८ मध्ये उत्तर भागातही खासगी जमिनीवर आमिषाला मोकळीक दिली. जानेवारी २०२५ मध्ये लेनिअर काउंटीत पहिलं रोगी हरीण सापडलं. अलाबामाने २०१९ मध्ये आमिषाचा वेगळा परवाना काढला, जानेवारी २०२२ मध्ये लॉडरडेल काउंटीत रोग. मक्याने रोग आणला असं मी म्हणत नाही, तो हरणांच्या वाहतुकीनेही येतो. पण आल्यावर त्याला बसायला पाट मांडलेला होता. म्हणून माझं उत्तर: सरसकट परवानगी नको, रोग सापडायच्या आधीपासून नको. अपंगांना सूट असावी, जागा बदलती, मका विखुरलेला आणि हंगामापुरता.

दोन मिनिटं आहेत, तुमच्या मुलांच्या कामाचं सांगतो. नोव्हेंबरात शेजारी प्रेमाने हरणाचं मटण आणून देतो. घ्यायच्या आधी विचारायचं, हरीण कुठल्या काउंटीतलं आणि तपासलं का? तपासणी घशामागच्या लसीकाग्रंथींची होते. रोग असलेल्या बऱ्याच भागांत हंगामात डोकं जमा करायच्या पेट्या ठेवलेल्या असतात, निकाल साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत येतो. तोवर मटण वेगळ्या पिशवीत, नाव घालून फ्रीझरमध्ये ठेवायचं. माणसाला हा रोग झाल्याची नोंद आजवर नाही, तरी रोगी ठरलेल्या हरणाचं मटण खाऊ नये असा तिथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, डोळे, प्लीहा आणि लसीकाग्रंथी निरोगी दिसणाऱ्या हरणाच्याही वापरायच्या नाहीत. आपल्याकडे भेजा फ्राय आवडणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम फोनवर सांगा.