नकुशीचं बारसं

श्रोतेहो, नमस्कार.

दगडू, धोंडू, भिकाजी ही नावं तुमच्या भावकीतही सापडतील. मूल जगावं, त्याला दृष्ट लागू नये म्हणून ती ठेवत. नकुशीची गोष्ट उलटी. तिसरी-चौथीही मुलगीच झाली, की 'आता पुरे, पुढं मुलगा होऊ दे' म्हणून पाळण्यातलीचं नाव नकुशी.

सातारा जिल्ह्यात अशा मुली शोधल्या गेल्या आणि ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात २८५ जणींचं एकत्र बारसं झालं. बारशाला बाळाला कोण विचारतं? आत्या कानात कुर्र करते, बाळ रडतं, संपलं. इथली बाळं मात्र वेण्या-फिती घालून, ठेवणीतले कपडे नेसून रांगेत उभी होती. कुणी सिनेमातल्या नटीचं म्हणून ऐश्वर्या घेतलं, कुणी सावित्री, कुणी आपलं साधं वैशाली. हातात फुलं आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र. २८५ जणी!

लग्नात तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायची हौस मात्र मला पटत नाही. पंचवीस वर्षं जिला ओ दिली, ती हाक एका दुपारी पुसायची कशाला? असो.

भारतानं १९९२ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात मुलाला जन्मापासून नावाचा हक्क आहे, तसाच आपलं म्हणणं मांडण्याचाही. त्या दुसऱ्या हक्काला आपल्या घरात 'उलट बोलू नकोस' म्हणतात.

आता कागदाचं. जन्मनोंदीत नाव रिकामं असेल, तर पहिल्या वर्षात फुकट आणि पुढं पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालता येतं. लिहिलेलं नाव बदलायचं तर ते राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटात, छापून घ्यावं लागतं. अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी अर्ज पालकांनी करायचा. मग राजपत्राची प्रत जोडून मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज, म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरला, मुलांच्या नावांची नोंद असते त्या वहीत, दुरुस्ती होते. आधार त्यानंतर. लोक आधी आधार बदलून मोकळे होतात, शाळेत जुनंच नाव राहतं आणि शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो.

आणि एक सांगते, हे सगळं शाळा सोडण्याआधी करा. दहावीचा फॉर्म जनरल रजिस्टरवरूनच भरतात, आणि दाखला हातात पडल्यावर रजिस्टरला हात लावणं फार अवघड जातं.

अर्ज भरताना मुलीला शेजारी बसवा. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, इंग्रजीत एक ए की दोन, हे तिच्याच हातानं लिहून घ्या. पुढच्या प्रत्येक कागदावर तेच उतरणार आहे.