जागा ओहोटीत बघा, गळ भरतीत टाका

राम राम मंडळी. आपल्या खान्देशात समुद्र नाही पण गळाचं वेड भरपूर, तापीवर, गिरणेवर, हतनूरच्या पाण्यावर रविवारी बघा किती जण बसलेले असतात. यातलेच काही जण सुट्टीत फॅमिलीला घेऊन दापोली-गुहागरकडे निघतात आणि रॉड डिकीत टाकतात. मग बीचवर जिथं गाडी लागली तिथंच उभं राहायचं, जोर लावून जेवढं लांब जाईल तेवढं फेकायचं, आणि तासाभरात "इथं मासाच नाही भो" म्हणून वडापावकडे.

नदीवर आपण डोह बघतो, वळण बघतो, समुद्रावर मात्र काहीच बघत नाही, कारण सगळा सपाटच वाटतो. तर आधी ओहोटीला रॉड न घेता जा, जरा उंचावरून बघा. जिथं लाट फुटून पांढरा फेस होतो तिथं वाळूचा उंचवटा, पाणी उथळ. जिथं लाट न फुटता आत येते, पाणी गडद दिसतं, तिथं खोल. उंचवटा आणि किनारा यांच्यामध्ये बऱ्याचदा नांगराच्या तासासारखा लांब खळगा असतो, लाटांनी उकरलेले किडे, बारीक खेकडे त्यात जमतात आणि भरती चढायला लागली की मासे त्यांच्यामागं येतात. मुडदुशी तर गुडघाभर पाण्यात फिरते, म्हणून पहिला गळ जवळच टाका, लांब फेकायची हौस नंतर.

टायमिंगला मोबाईल नसला तरी चालतं, कोकणात तिथीच्या आकड्याची पाऊणपट करतात, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असली तर भरती पावणेचारच्या सुमारास, म्हणजे ओहोटी दहाच्या आसपास. दहाला जागा हेरायची, बाराला कोळंबी लावून बसायचं, झालं.

उंचवटा कुठं तुटलेला दिसला आणि फेस तिथून उलटा समुद्राकडे जाताना दिसला तर त्याच्या कडेला मासा चांगला लागतो. पण तिथं पोरांना आंघोळीला अजिबात सोडू नका, ती ओढ माणसाला आत नेते, कोणी सापडलंच तर सरळ किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर निघायचं.

खाडीचं तोंड असलं तर अजून बरं, आंजर्ल्याला जोग नदी, दाभोळला वाशिष्ठी, तिथं उतरत्या पाण्यातही काम होतं कारण खाडीतली बारकी मासळी पाण्याबरोबर बाहेर येते.

नंदुरबार-नवापूरकडच्यांना सुरत जवळ, आपली तापी तिकडंच समुद्राला मिळते, म्हणून डुमसला जायचा मोह होतो. पण खंभातच्या आखाताकडं भरती-ओहोटीचा फरक फार मोठा, चिखल, आणि पाणी भराभर चढतं. नवीन माणसाला मी तरी कोकणच सांगेन. आणि हो, शिंगाळा लागला तर हातानं गळ काढू नका, त्याचे काटे लई ठणकतात, पक्कड सोबत ठेवा.