मीठ लिहायचं राहिलं

मंडळी, नमस्कार.

पाच मिनिटं मिळाली आहेत आणि यानंतर जेवण आहे, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

आपल्या रविवारच्या शाळेतली मुलं मराठी बोलतात, नाटकात कामं करतात. पण वह्या काढा म्हटलं की कुणाला तहान लागते, कुणाचं पोट दुखतं. त्यांची चूक नाही. 'प्रकाश', 'सूर्य', 'ट्रक', 'तऱ्हा': एकच 'र' चार वेषांत येतो, आणि तो शिकवून झाला की आम्ही लिहायला काय देतो? 'माझी आई'. एका नऊ वर्षांच्या मुलाने मला विचारलं, "मावशी, आई कशी आहे ते आईला माहितीये, मलाही माहितीये. मग लिहायचं कुणासाठी?" खरं उत्तर होतं, माझ्या लाल पेनासाठी.

सेलेस्तँ फ्रेने नावाचे एक फ्रेंच शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाली, वर्गात फार वेळ बोलता येईना. दक्षिण फ्रान्समधल्या बार-स्युर-लू गावात, 1924 साली, त्यांनी वर्गात चक्क छापखाना आणला. मुलं गावात भटकून यायची, पाहिलेलं लिहायची, अक्षरांचे खिळे जुळवून स्वतः छापायची आणि ते कागद दूर, फ्रान्सच्याच वायव्य टोकाच्या ब्रिटनी प्रांतातल्या शाळेतल्या मुलांना पाठवायची. तिकडून उत्तरं यायची.

छापखाना आपल्याला कुठला परवडायला! आम्ही वर्गात विजेच्या शेगडीवर पोहे केले. (फोडणीने धुराचा अलार्म वाजू नये म्हणून सगळ्या खिडक्या उघड्या, बाहेर बर्फ.) मग प्रत्येकाने कृती लिहून भारतातल्या आजीला पाठवली. पत्रं मी मुद्दाम तपासली नाहीत.

तीन आठवड्यांनी त्याच मुलाच्या आजीचं साताऱ्याहून उत्तर आलं. "बाळा, तू लिहिलंस तस्सेच पोहे केले. मीठ लिहिलं नव्हतंस, म्हणून घातलं नाही. आजोबांनी मुकाट्याने खाल्ले. आणि तेलात 'मोरी' टाका म्हणतोस, ती आमच्याकडे घराच्या मागच्या बाजूला आहे, कढईत मावायची नाही."

वर्ग लोटपोट हसला. पोरगं मात्र कानापर्यंत लाल. त्याने न सांगता वही उघडली, 'मोहरी' तीनदा लिहून पाहिलं आणि मला विचारलं, "मावशी, 'चवीपुरतं' कसं लिहायचं?" इतक्या वर्षांत आमच्या वर्गात शुद्धलेखन आपणहून विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसरं पत्र दीड पान झालं.

सगळ्यांच्या आज्या अशा मिश्किल नसतात, काहींची तर उत्तरंच आली नाहीत. ज्यांना उत्तर आलं नाही ती मुलं पुन्हा पोट धरून बसली. म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. बाहेर नावनोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तुमचे आईवडील, काका, मावशी, जे कुणी हाताने उत्तर लिहितील, त्यांचा पत्ता तिच्यात लिहा. पिनकोडसकट, आणि कृपा करून मराठीत. पाकिटावरचा पत्ता मुलंच उतरवणार आहेत.